कंसातले दोन शब्द



तुमच्या वहीत चूक सापडली की बाई लाल पेनानं गोल करतात. पण चूक बाईंचीच असली तर गोल कुणी करायचा? आज मी माझ्याच चुकीभोवती लाल गोल करणार आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा. मात्र शेवटपर्यंत वाचा, कारण हीच चूक कदाचित तुमच्या घरातही होत असेल.

गोष्ट २०१९ च्या जून महिन्यातली. पुणे-नगर रस्त्यावरचं आमचं वाघोली तेव्हा ग्रामपंचायतीचं गाव होतं. पुणे महापालिकेत ते आलं २०२१ साली. शाळा उघडून दोन-तीनच दिवस झाले होते. नव्या पुस्तकांचा वास, दाराशी ओल्या छत्र्यांची रांग, असे ते दिवस. आमच्या शाळेत एक लहानशी संगणक खोली होती आणि तीत लोकांनी भेट दिलेले सहा जुने संगणक. दीड महिन्याच्या सुट्टीत त्यांच्यावर बोटभर धूळ साचलेली! मुलांनी ती पुसली. आम्ही बटणं दाबली. चौथीच्या मुलांना मी पक्ष्यांची चित्रं दाखवणार होते. वाघेश्वराच्या तळ्याकाठी दिसतात ते बगळे, खंड्या वगैरे.

पण पडद्यावर बगळा काही येईना. आली ती एक लाल ढाल, आणि तिच्यावर पांढरी फुली! शेजारी इंग्रजीत चार-पाच ओळी. या संकेतस्थळाच्या सुरक्षा दाखल्यात काहीतरी गडबड आहे, असा काहीसा मजकूर. दुसरं पान उघडलं, तिथंही तेच. सहाही संकेतस्थळांना एकाच दिवशी गडबड!

"बाई, हे काय लिहिलंय?" पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं. तिचं नाव मी सांगणार नाही. आता ती मोठी झाली आहे, रागावेल माझ्यावर.

तास संपायला वीस मिनिटं उरली होती. मागं मुलांचा गलका. मी म्हटलं, "अगं, काही नसतं ते. नेहमीच येतं. खाली बघ, 'पुढे जा' असं लिहिलंय ना? त्यावर टिचकी मार."

तिनं टिचकी मारली. बगळा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या दिवशी चौथीच्या अठ्ठावीस मुलांना मी एक धडा पक्का शिकवला: लाल पाटी आली की 'पुढे जा' दाबायचं.

मुलांनो, त्या 'पुढे जा'च्या शेजारी कंसात आणखी दोन शब्द होते. 'नॉट रेकमेंडेड'. म्हणजे, 'आमचा सल्ला तसा नाही'. ते दोन शब्द मी वाचून दाखवलेच नाहीत. कंसातलं कोण वाचतं!

आई शाळेत आली

आठ-दहा दिवसांनी मधल्या सुट्टीत त्याच मुलीची आई शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. बकोरी रस्त्याला एका खानावळीत त्या पोळ्या लाटायला जायच्या. हाताला पीठ तसंच होतं, म्हणजे काम सोडून आल्या होत्या.

झालं होतं असं. आईच्या फोनवर संदेश आला: मोफत रिचार्ज, इथं दाबा. मुलीनं दाबलं. अख्खा पडदा लालभडक झाला, आणि 'पुढे फसवं संकेतस्थळ आहे' अशा अर्थाची सूचना आली. मुलगी हुशार! तिनं बारीक अक्षरातली वाट शोधली आणि ती पुढे गेली. मग त्या पानानं बँकेच्या कार्डावरचे सोळा आकडे मागितले. मुलीनं स्वयंपाकघरात हाक मारली, "आई, कार्डावरचे आकडे सांग गं."

"कशाला?"

"रिचार्ज फुकट मिळतंय."

आईनं फोन हातातून काढून घेतला. आकडे काही दिले नाहीत. मुलगी फुरंगटली. म्हणाली, "लाल पाटी आली तरी पुढे जायचं असतं. आमच्या बाईंनी शिकवलंय!"

त्या माउली माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बाई, मला इंग्रजी वाचता येत नाही. पोरगी वाचते, तेवढाच आधार. तुम्ही सांगितलं असेल तर बरोबरच असणार. पण जिवाला खात्री वाटेना, म्हणून विचारायला आले."

मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या थांबल्या होत्या. आणि जिला वाचता येत होतं ती दोन शब्द न वाचता पुढे गेली होती. ती म्हणजे मुलगी नव्हे, मुलांनो. मी!

"नाही हो ताई, माझं चुकलं," एवढंच म्हटलं. आणि त्या शनिवारी शाळा सुटल्यावर संगणकाची दुरुस्ती करणाऱ्या एका काकांना बोलावलं. केसनंद फाट्याजवळ त्यांचं लहानसं दुकान.

काकांचा पहिला प्रश्न

मला वाटलं, काका आल्या आल्या संगणक उघडतील, तारा ओढतील. त्यांनी नुसतं पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, आज तारीख काय?"

मी सांगितली.

"मग हा काय म्हणतोय बघा."

कोपऱ्यात लिहिलं होतं: १ जानेवारी २००९!

सुट्टीआधी चांगलं चालणारं यंत्र दहा वर्षं मागं कसं गेलं? त्याचं उत्तर काकांनी संगणकाच्या पोटातून काढून माझ्या तळहातावर ठेवलं. शर्टाच्या बटणाएवढा, चपटा, चंदेरी सेल. त्यावर सीआर २०३२ असा त्याचा क्रमांक होता. हा सेल तीन व्होल्टचा असतो. वीज बंद असतानाही संगणकाचं घड्याळ चालू ठेवायचं, हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. आपण रोज संगणक लावत असलो तर लगेच लक्षातही येत नाही. पण दीड महिना वीज नाही आणि सेलही मेलेला, मग घड्याळ बिचारं काय करणार? कारखान्यात दिलेल्या पहिल्या तारखेला जाऊन बसतं.

"पण काका, घड्याळ चुकलं म्हणून पक्ष्यांचं पान का अडतं?"

काका हसले. म्हणाले, "तुमच्या शाळेत दाखल्यावरची तारीख बघता की नाही?"

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला.

पानांचाही दाखला असतो

मुलांनो, आता जरा नीट लक्ष द्या. शाळा सुटताना एखादे अनोळखी गृहस्थ फाटकाशी येतात आणि म्हणतात, "मी या मुलाचा मामा. त्याला न्यायला आलोय." आपले शिपाईमामा लगेच मूल हातात देतात का? छे! आधी ओळख पटवतात. कारण मामा असल्याचं कुणीही सांगू शकतो.

इंटरनेटवरही तसंच आहे. 'मी तुमची बँक' असं कुठलंही पान म्हणू शकतं. म्हणून प्रत्येक चांगल्या संकेतस्थळाजवळ एक दाखला असतो. आपण पान उघडलं की आपला ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स यांसारखा पानं उघडून दाखवणारा कार्यक्रम, सगळ्यात आधी तो दाखला मागतो. दाखला पटला तरच दोघांमध्ये गुप्त भाषा ठरते. मग वाटेत कुणी कान लावला तरी त्याला नुसती खिचडी ऐकू येते. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असं लिहिलेलं असतं ना, त्यातला शेवटचा 'एस' हेच सांगतो. ही युक्ती नेटस्केप नावाच्या अमेरिकी कंपनीनं १९९० च्या दशकाच्या मध्याला काढली.

दाखला बघताना ब्राउझर तीन प्रश्न विचारतो. अगदी तुमचा बोनाफाईड दाखला बघणाऱ्या कारकुनासारखे!

पहिला, नाव कुणाचं? दाखला एकाचा आणि आलाय दुसराच, असं झालं तर ब्राउझर अडवतो. अशा वेळी क्रोमच्या पाटीवर खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'कॉमन नेम इनव्हॅलिड' असे शब्द दिसतात.

दुसरा, तारीख कुठली? उत्पन्नाच्या दाखल्यावर तो किती तारखेपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं, ठाऊक आहे ना? संकेतस्थळाच्या दाखल्यावर दोन तारखा असतात: केव्हापासून आणि केव्हापर्यंत. त्यात आजची तारीख बसली नाही तर 'डेट इनव्हॅलिड' असे शब्द दिसतात.

तिसरा, शिक्का कुणाचा? स्वतःच स्वतःला दाखला लिहून दिला तर तो चालेल का? नाही. मुख्याध्यापकांची सही-शिक्का हवा. संकेतस्थळांना शिक्का देणाऱ्या संस्था जगभर आहेत आणि विश्वासाच्या संस्थांची यादी ब्राउझरजवळ किंवा संगणकातच असते. शिक्का यादीबाहेरचा निघाला तर 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड'.

आपल्या मराठीत 'शिक्कामोर्तब' हा शब्द आहे. शिवाजी महाराजांच्या काळच्या पत्रांत मजकुराच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. मुद्रेवरून कळायचं पत्र कुणाचं. मोर्तब सांगायचं की मजकूर इथं संपला, पुढचं काही असेल तर ते कुणीतरी मागून घुसडलेलं. पत्र कुणाचं आणि त्यात कुणी ढवळाढवळ तर केली नाही, हेच दोन प्रश्न आज आपला ब्राउझर विचारतो!

आता आमच्या संगणकाचं बघा. त्याच्या मते साल होतं २००९. पक्ष्यांच्या संकेतस्थळाचा दाखला सुरू होणार होता त्याच्या कितीतरी वर्षं पुढे. म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं तो दाखला अजून जन्मालाच आला नव्हता! मग तो 'पुढे जा' कसा म्हणणार? दाखला खरा होता, संकेतस्थळ खरं होतं. चुकीचं होतं ते आमचंच घड्याळ.

चाळीस रुपयांचा सेल बसवला, तारीख नीट केली, आणि लाल ढाल पळाली. पाच संकेतस्थळं उघडून पाहिली, पाचही सरळ उघडली. 'नेहमीच येतं' म्हणत मी जे झटकून टाकलं होतं, ते पाच मिनिटांत सुटण्यासारखं होतं. फक्त थांबून वाचायला हवं होतं.

मग पाटी आली की करायचं काय?

तेव्हापासून आमच्या वर्गात एक क्रम ठरलेला आहे. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

१. हात बाजूला! आधी पाटी वाचा. कंसातलंसुद्धा. कळलं नाही तर मोठ्यांना हाक मारा.

२. घड्याळ बघा. दिवस, महिना, साल, वेळ, चारही. फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'तारीख आणि वेळ' असतं, तिथं 'आपोआप' हा पर्याय चालू करा. संगणकावर कोपऱ्यातल्या वेळेवर माउसचं उजवं बटण दाबलं की तारीख नीट करायचा पर्याय मिळतो. हल्लीचे ब्राउझर तर बऱ्याचदा स्वतःच सांगतात की, बाबा रे, तुझं घड्याळ मागं आहे!

(आणि हो, गेममध्ये फुकट जीव मिळावेत म्हणून फोनची तारीख पुढे ढकलणारे वीर आमच्या वर्गात तिघे निघाले. घरात सगळ्यांच्या फोनला लाल पाटी का येते, ते मग कळलं! तुमच्यापैकी कोण कोण आहे त्यात?)

३. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. एखादं अक्षर कमी-जास्त तर नाही?

४. दुसरं एखादं ओळखीचं संकेतस्थळ उघडून बघा. सगळीकडे पाटी येत असेल तर दोष बहुधा आपल्या यंत्रात किंवा आपल्या इंटरनेट जोडणीत. एकाच ठिकाणी येत असेल तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा.

५. हॉटेल, स्टेशन, मॉल अशा ठिकाणचं फुकट वायफाय वापरत असाल तर ते बंद करा आणि फोनच्या स्वतःच्या इंटरनेटवर बघा. पाटी गेली तर समजा, गडबड त्या वायफायमध्ये होती.

६. एवढं करूनही पाटी राहिली तर? मागं फिरा. त्या पानावर नाव, पासवर्ड, आधार क्रमांक, कार्डाचे आकडे काहीही लिहायचं नाही. ज्यांचं संकेतस्थळ आहे त्यांना फोन करून सांगायचं. त्यांच्या दाखल्याची मुदत संपली असेल तर ती त्यांनीच वाढवायची असते. आपण इकडे कितीही बटणं दाबली तरी उपयोग नाही.

मुदतीचं तर पुढे जास्तच वाजणार आहे बरं का. २०२० च्या सप्टेंबरपासून हे दाखले जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे झाले. २०२५ साली असं ठरलं की ही मुदत टप्प्याटप्प्यानं कमी करत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर आणायची. का? तर दाखला चोरीला गेला तर चोराला तो फार दिवस वापरता येऊ नये म्हणून.

एक हट्टी संगणक

दोन वर्षांनी आणखी एक गंमत झाली. २०२१ चा ऑक्टोबर महिना. कोविडमुळे खोली बंदच होती. मी एकटीच काही कागद काढायला गेले. घड्याळ बरोबर, सेल नवा, तरी सगळ्यात म्हाताऱ्या संगणकावर काही पानं उघडेनात. आता मी शहाणी झाले होते. 'पुढे जा' दाबलं नाही, काकांना फोन केला.

काकांनी सांगितलं ते असं. लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक संस्था आहे. ती संकेतस्थळांना फुकट दाखले देते. तिच्या दाखल्यांना जुनी यंत्रं ज्या मोठ्या शिक्क्याच्या भरवशावर मानत, त्या शिक्क्याचीच मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. ज्या यंत्रांची यादी ताजी होती त्यांना नवा शिक्का ओळखीचा होता, त्यांचं काही अडलं नाही. पण वर्षानुवर्षं अद्ययावत न केलेली यंत्रं अडली, जगभर! जसं नवे मुख्याध्यापक आले आणि जुन्या शिपाईमामांना ते ठाऊकच नाहीत, तसं.

अशा वेळी उपाय एकच. यंत्र आणि ब्राउझर अद्ययावत करायचे. आणि यंत्र इतकं जुनं असेल की अद्ययावत होतच नाही, तर त्यावर पैशांचं काम करायचं नाही. आमच्या त्या म्हाताऱ्यावर आता मुलं फक्त चित्रं रंगवतात.

शिक्का देणाराच चुकला तर?

हा प्रश्न मला त्याच पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारला होता. आणि खरंच, असं घडलं आहे. आपल्या भारतातच!

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या कायद्यानं असे शिक्के देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवायला एक नियंत्रक नेमलेला आहे. त्याच्या हाताखाली शिक्के देणाऱ्यांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, ही सरकारी संस्था होती. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आलं की गूगलच्या पत्त्यांच्या नावानं काही दाखले फिरत आहेत, जे गूगलनं मागितलेलेच नाहीत! शिक्का होता एनआयसीचा. शिक्का देण्याच्या व्यवस्थेत कुणीतरी शिरकाव केल्याचं नियंत्रकांनी नंतर कळवलं. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, एनआयसीचे ते अधिकार काढून घेण्यात आले. ब्राउझरांनीही ते दाखले नाकारले.

गंमत बघा. विंडोजच्या विश्वासाच्या यादीत भारताचा शिक्का होता, म्हणून विंडोजवरच्या बऱ्याच कार्यक्रमांना धोका होता. फायरफॉक्स आपली यादी वेगळी ठेवतो आणि तिच्यात तो शिक्का नव्हता, म्हणून फायरफॉक्स वाचला.

त्याआधी २०११ साली नेदरलंड्समध्ये तर याहून वाईट झालं होतं. डिजिनोटार नावाच्या शिक्के देणाऱ्या कंपनीत चोर शिरले आणि त्यांनी शेकडो खोटे दाखले बनवले. त्यांतला एक गूगलच्या नावाचा होता. तो इराणमधल्या लोकांची पत्रं चोरून वाचायला वापरला गेला. तो पकडला कसा गेला माहीत आहे? इराणमधल्या एका माणसाच्या ब्राउझरनं त्याला सूचना दाखवली. त्यानं ती झटकून टाकली नाही. 'हे काय आहे?' असं त्यानं इतरांना विचारलं. तिथून शोध लागला. ब्राउझरांनी त्या कंपनीचं नाव यादीतून काढलं आणि त्याच वर्षी तिचं दिवाळं निघालं.

एका माणसानं पाटी वाचली आणि विचारलं, एवढंच! आमच्या गावातल्या त्या पोळ्या लाटणाऱ्या ताईंनी तरी वेगळं काय केलं होतं?

दाखला म्हणजे चांगुलपणा नव्हे

आता शेवटची आणि फार महत्त्वाची गोष्ट. दाखला असला म्हणजे माणूस चांगलाच असतो का? नाही! चोरही स्वतःच्या नावाचा खरा दाखला काढू शकतो. दाखला एवढंच सांगतो की हे पान याच पत्त्याचं आहे. पत्ता बँकेचा आहे की बँकेसारखा दिसणारा, ते आपणच वाचायचं.

पूर्वी ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसायचं. लोकांना वाटायचं, कुलूप आहे म्हणजे पान चांगलंच. म्हणून क्रोमनं २०२३ साली ते चित्रच बदललं.

आणि अख्खा पडदा लाल होतो ती पाटी निराळी, बरं का. ती दाखल्याच्या मुदतीची नसते. 'हे पान फसवं किंवा धोक्याचं असल्याचं आम्हाला कळलं आहे' अशी ती ताकीद असते. तिथं घड्याळ बघत बसायचं नाही. सरळ मागं फिरायचं. माझ्या वर्गातल्या मुलीनं या दोन पाट्यांत गल्लत केली, कारण फरक मी शिकवलाच नव्हता.

पालकांसाठी चार ओळी

अर्जाची शेवटची तारीख असते, रांगेत वीस माणसं असतात आणि दुकानातला मुलगा म्हणतो, "काही नसतं, पुढे जा." आपलाही जीव घाईला येतो. तरी त्याला एवढं विचारा, "पाटीवर काय लिहिलंय, वाचून दाखव." जमलं तर दुसऱ्या फोनवर तेच पान उघडून बघा. मुलांनी पाटीबद्दल विचारलं तर "गप बस" म्हणू नका. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, आपण विचारू" असं म्हणा. आणि कधी पैसे गेलेच तर लाजेनं वेळ घालवू नका. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

तर मुलांनो, त्या सोमवारी मी वर्गात काय केलं सांगू? फळ्यावर ती लाल ढाल काढली. खाली 'पुढे जा' लिहिलं आणि कंसातले दोन शब्दही लिहिले. मग लाल खडूनं त्यांच्याभोवती गोल केला आणि सांगितलं, "मागच्या आठवड्यात मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. हे दोन शब्द मी गाळले." वर्ग एकदम चिडीचूप. मग पहिल्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, मग तुमचा एक मार्क गेला!"

गेला. तो मार्क मी अजून भरून काढतेय. आमच्या संगणक खोलीत तेव्हापासून एक घड्याळप्रमुख असतो. यंत्र लावलं की आधी त्यानं तारीख मोठ्यानं वाचायची, मगच पानं उघडायची. पहिली घड्याळप्रमुख कोण झाली असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

या आठवड्यात करून पाहा

आई-बाबांना विचारून घरातल्या प्रत्येक फोनची आणि संगणकाची तारीख, वेळ तपासा. कुठं 'आपोआप' बंद आहे, त्याची यादी करा.

मोठ्यांच्या सोबतीनं एखादं ओळखीचं संकेतस्थळ उघडा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून दाखला शोधा. नाव कुणाचं, तारखा कुठल्या, शिक्का कुणाचा? वहीत लिहा.

आणि हे एक डोक्याला खाद्य: आमचा संगणक दहा वर्षं मागं गेला तेव्हा त्याला दाखला 'अजून सुरू न झालेला' वाटला. समजा, तो दहा वर्षं पुढे गेला असता, तर त्याला काय वाटलं असतं? तारीख न बदलता, नुसता विचार करून सांगा हं!

उत्तर पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई